नवापूरचं बाकडं की तापीची रेघ?

सीमाभागातल्या वारशाच्या आमच्या प्रकल्पासाठी दोन बोधचिन्हं समोर आहेत. पहिलं नवापूर स्थानकावरचं बाकडं: अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बघताक्षणी कळतं, पण डोळ्यात भरते ती मधली सीमाच. शिक्क्याएवढं लहान केलं की ओळखूही येत नाही.

दुसरं तापीची रेघ. मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेकडे जाते, तीन राज्यांना पाणी पाजते. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही. म्हणून ‘खानदेश’वरची शिरोरेषाच पुढे नदीसारखी वळते आणि गुजराती अक्षरांखालून वाहते. किती सहज जमलंय हे! एकाच रंगात, कापडी पिशवीवरही ती नीट उठते. अहिराणी बोलणाऱ्या माझ्या आजीनं ती न सांगता ओळखली.

माझं मत रेघेला. बाकडं पोस्टरवर मात्र जरूर घ्यावं.