पावसाळ्यानंतर गाडीच्या सीट धुऊन घेताना : रत्नागिरीजवळच्या एका केंद्राचे काम

हातखंब्याहून रत्नागिरी शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्या आतून साफ करून देणारे एक लहानसे केंद्र आहे. आमच्या सात आसनी गाडीच्या फिकट बदामी रंगाच्या कापडी सीट यंदा पाऊस ओसरू लागताच तेथे धुऊन घेतल्या. ते काम इतके समजून-उमजून केलेले आढळले की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. केंद्राच्या नावापेक्षा त्याची पद्धत सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण ही पद्धत कोणत्याही गावातल्या केंद्रात आग्रहाने मागून घेता येते.

सीटचे कापड बहुतेक गाड्यांत पॉलिएस्टरचे असते आणि त्याखाली पॉलियुरेथेनचा जाड फोम असतो. कापड पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळते. फोमात शिरलेले पाणी मात्र सहजासहजी बाहेर येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे ओल्या छत्र्या, भिजलेले कपडे आणि चिखलाचे पाय यांतून आत आलेली ओल सीटमध्येच मुरते, बुरशी धरते आणि काच वर करून एसी लावला की कुबट वास येऊ लागतो. अशा सीटवर बादलीभर फेस ओतून ब्रश मारणे आणि वरून फडके फिरवून सुगंधी फवारा मारणे, हे बहुतेक वॉशिंग सेंटरमध्ये ‘इंटिरिअर क्लीनिंग’ म्हणून चालते. गाडी ताब्यात घेताना सीट छान दिसतात. चार दिवसांनी वास पूर्वीपेक्षा उग्र होऊन परत येतो, कारण मळ वरून खाली ढकलला गेलेला असतो आणि त्याला मुरायला आणखी पाणी मिळालेले असते. म्हणून सीट धुणाऱ्याची पारख त्याने आत किती पाणी घातले आणि त्यातले किती बाहेर काढले, यावरच केली पाहिजे.

या केंद्रात गाडी उभी केल्यावर सुरुवातीला बराच वेळ पाण्याला कोणी हातच लावला नाही. कारागिराने विजेरी घेऊन प्रत्येक सीट पाहिली, कोणता डाग कशाचा आणि किती जुना हे विचारून घेतले, आणि रसायनाचा एक थेंब सीटच्या मागल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून रंग सुटतो का ते तपासले. नंतर पुढच्या सीट रुळावरून पूर्ण पुढे-मागे सरकवून खालची माती, शेंगांची टरफले, वाळू असे सगळे व्हॅक्युमने ओढून घेतले. बैठक आणि पाठ यांच्या फटीत अरुंद तोंडाची नळी घातली, आणि शिवणीत अडकलेली वाळू मऊ ब्रशने आधी सैल करून मग खेचली. हा भाग कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच तो टाळला जातो. पण कोरडी माती ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो धाग्यांत अधिक घट्ट बसतो.

धुण्यासाठी त्यांच्याकडे फवारा आणि ओढ एकाच तोंडात असलेले यंत्र आहे. सौम्य रसायन बाटलीतून हलकेच फवारायचे, काही मिनिटे मुरू द्यायचे, मऊ ब्रशने फिरवायचे आणि मग यंत्राचे तोंड कापडावर दाबून हळूहळू ओढत आणायचे. यंत्र कोमट पाणी आत सोडते आणि त्याच क्षणी मळासकट ते परत खेचून घेते. तोंडाचा भाग पारदर्शक असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसते. चालकाच्या सीटवर पहिल्या ओढीला गढूळ काळपट पाणी आले, नंतर ते फिके होत गेले, आणि शेवटी कारागिराने पाण्याचा फवारा बंद ठेवून नुसती ओढ चालू ठेवत तोच भाग पुन्हा पुन्हा घेतला. नळीतून थेंबही येईनासा झाल्यावरच तो पुढच्या सीटकडे वळला. या कोरड्या ओढीला दिलेला वेळ हेच या केंद्राचे मोठेपण आहे.

मधल्या सीटवर डब्यातल्या भाजीचा रस सांडून हळदीचा डाग पडला होता. मी तो दाखवताच कारागीर म्हणाला, “काका, हळद आहे ना ही? मग साबण आधी नाही लावायचा.” हे त्याने फार नेमके सांगितले. हळदीत चुना कालवला की कुंकू होते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्याच कारणाने, अल्कधर्मी साबण लागला की हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पिवळ्याचे तांबूस होते आणि पाहणाऱ्याला वाटते की कापडच जळाले. त्याने आधी तेलकटपणा टिपून काढला, मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत आला. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. फडके पिवळे होत गेले तसा डाग उतरत गेला. घासले मात्र एकदाही नाही. जी पुसट छटा उरली तिच्याविषयी त्याने प्रामाणिकपणे सांगितले की ती त्यांच्याने जाणार नाही, दार उघडे ठेवून उन्हाला लावा. हळदीचा रंग उजेडात विटतो, आणि तसेच झाले. आता ती जागा शोधावी लागते.

लहान मुलाच्या बाटलीतून सांडलेल्या दुधाची कथा वेगळी होती. दुधातील प्रथिने गरम पाण्याने घट्ट होऊन धाग्यांना चिकटतात, म्हणून तेथे यंत्रातले पाणी गार घेतले गेले आणि प्रथिने फोडणारे एन्झाइमयुक्त द्रावण लावून बराच वेळ थांबले गेले. हा आंबूस वास पूर्ण गेला आहे.

सुकवण्यासाठी त्यांनी एक बंदिस्त खोली केली आहे. बाहेरची हवाच ओली असताना नुसता ब्लोअर लावून काही साधत नाही, म्हणून गाडीची सगळी दारे उघडी ठेवून खोलीत हवेतील ओल शोषणारे यंत्र चालवतात आणि गाडी रात्रभर तेथेच राहते. सकाळी त्या यंत्राची टाकी मला दाखवली गेली. तिच्यात साठलेले पाणी पाहिले की घाईने परत मिळालेल्या गाडीत एरवी किती पाणी राहून जात असेल, याची कल्पना येते. मी बैठकीच्या फटीत आणि पायाखालच्या कार्पेटच्या खाली हात घालून पाहिले, दोन्ही जागा कोरड्या होत्या.

उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. तिसऱ्या रांगेच्या सीटची मागली बाजू, म्हणजे डिकीकडून दिसणारा भाग, नुसता व्हॅक्युम करून सोडला होता. दाखवून दिल्यावर तो धुतला गेला. न विचारता दारांच्या रेक्झिनवर सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश फासले होते, ज्यावर धूळ अधिक चिकटते. हेच पॉलिश रेक्झिनच्या सीटवर मारले तर बसणारा माणूस ब्रेक लागताच घसरू शकतो. गाडी देतानाच ‘पॉलिश नको’ असे कार्यपत्रिकेवर लिहून घ्यावे.

सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल, तर पाठीच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी असते. तेथे आणि सीटखालच्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या, वायरजोडांपाशी पाणी जाऊ नये, हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावे. येथील कारागिरांना ते ठाऊक होते. स्वच्छ सीट तशाच राहाव्यात म्हणून आपण लगेच सीटकव्हर घालायला धावतो, पण एअरबॅग असलेल्या सीटला तिच्या जागी उसवण्याची सोय नसलेले कव्हर घातले तर अपघातात एअरबॅग अडकू शकते. सीटबेल्टही यांनी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, ओढून धरून वाळवले. ब्लीच वापरले नाही, हे योग्यच झाले, कारण त्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात.

ज्यांच्या सीट चामड्याच्या किंवा लेदरेटच्या, म्हणजे कृत्रिम चामड्याच्या, आहेत, त्यांना या यंत्राची गरज नाही. ओलसर मायक्रोफायबर, सौम्य क्लीनर आणि शिवणीसाठी मऊ ब्रश एवढ्यावर ते काम घरी होते. सीटला छिद्रे असतील आणि आत पंखे असतील तर फवारा सीटवर न मारता फडक्यावर मारावा. चामड्याचे कंडिशनर लेदरेटला लावण्यात पैसे घालवू नयेत, प्लॅस्टिकच्या थरात ते मुरतच नाही.

सात आसनी गाडीचे आम्ही तीन हजारांच्या आतबाहेर दिले. साध्या वॉशिंग सेंटरच्या दुप्पट-तिप्पट हा दर आहे, पण कामाच्या मानाने मला तो रास्त वाटतो. फक्त धूळ बसलेल्या गाडीला मात्र एवढा खर्च करण्याचे कारण नाही, तिला घरचा व्हॅक्युम पुरतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात येथे गाड्यांची रांग लागते आणि सुकवण्याची खोली एकच आहे. तेव्हा नवरात्रापूर्वी वेळ ठरवावी आणि गाडी रात्रभर ठेवण्याची तयारी असेल तरच न्यावी.