एक्सार्ग्ज: काही महिने रोज वापरल्यानंतर

लिनक्स टर्मिनलमधल्या फाइंड कमांडने फाइली शोधायच्या आणि पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) एक्सार्ग्जकडे सोपवायच्या, म्हणजे ती नावं पुढच्या कमांडला पुरवणाऱ्या कमांडकडे. ही जोडी काही महिने रोज वापरतोय. लॉग कॉम्प्रेस करणं असो की फोटोंचा आकार बदलणं, आता तिच्यावाचून पान हलत नाही.

पहिला फायदा वेगाचा. फाइंडच्या -एक्झेकला (सापडलेल्या फाइलींवर कमांड चालवणाऱ्या पर्यायाला) शेवटी अर्धविराम दिला की प्रत्येक फाइलीसाठी नवी प्रोसेस उघडते. दहा हजार फाइली, तर दहा हजार वेळा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड). एक्सार्ग्ज एका खेपेत मावतील तेवढी नावं भरतं, म्हणून ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ (नावांची यादी फार लांब) ही एररही येत नाही. अर्धविरामाच्या जागी अधिकचं चिन्ह दिलं तर -एक्झेकसुद्धा हेच करतं, त्यामुळे साध्या कामाला मी तेवढ्यावरच भागवतो.

एक्सार्ग्ज खरं उपयोगी पडतं ते कॅपिटल -पी मुळे. -पी 4 दिलं की एका वेळी चार प्रोसेस चालतात, आणि फोटोंसारख्या जड कामात फरक लगेच जाणवतो. पण सोबत -एन (एका खेपेत किती नावं द्यायची तो आकडा) हवंच! नाहीतर सगळी नावं पहिल्याच खेपेत मावली, तर एकच प्रोसेस राबते आणि बाकीचे कोर रिकामे बसतात. शिवाय आउटपुटच्या ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा प्रत्येक कामाचा लॉग वेगळा ठेवावा.

सर्वांत जपायचं ते फाइलींच्या नावांना. ‘जुना अहवाल’ नावाची फाइल साध्या पाइपमधून गेली की एक्सार्ग्जला ‘जुना’ आणि ‘अहवाल’ अशा दोन दिसतात. पुढे आरएम (फाइल खोडणारी कमांड) असेल आणि तिथे ‘जुना’ नावाची दुसरी फाइल असेल, तर भलतीच उडते. म्हणून फाइंडला -प्रिंट0 आणि एक्सार्ग्जला -0, म्हणजे नावं मोकळ्या जागेऐवजी नल बाइटने (शून्य किमतीच्या बाइटने) वेगळी होतात. नल बाइट फाइलीच्या नावात येऊच शकत नाही, त्यामुळे हा विभाजक पक्का. युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीच्या पॉझिक्स मानकाच्या 2024च्या आवृत्तीतही हे दोन्ही आले, याचा मला मनापासून आनंद आहे. आरएम किंवा एमव्ही (फाइल हलवणारी कमांड) असेल तर आधी कमांडपुढे एको (कमांड न चालवता नुसती छापणारी) लावून यादी नजरेखालून घालाच.

एक्सार्ग्जच्या ग्नू आवृत्तीत (लिनक्सवर सहसा हीच असते) -आर विसरू नका. ते नसेल तर एकही फाइल सापडली नाही तरी कमांड एकदा चालतेच, आणि ड्यू (आकार मोजणारी कमांड) असेल तर चालू फोल्डरचा आकार उत्तर म्हणून समोर येतो.

तक्रार एकच: एखादी कमांड फसली की शेवटी एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) 123 मिळतो, पण कुठल्या फाइलीवर फसली ते कळत नाही. ते हवं असेल तर सरळ एकेक फाइल घेणारा शेलचा लूप लिहावा.