नळाची जाळी आणि गड्ड्याचे पाहुणे: सात महिन्यांनंतर

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड. कुठे पाइपलाइन फुटली की त्यात अजून एक दिवस वाढतो. खाली 2000 लिटरचा हौद, गच्चीवर 1000 लिटरची टाकी. आम्हा चौघांचं त्यात भागतं. पण जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरला की घर भरतं. यंदा सात जण आले, पाच दिवस राहिले. 3000 लिटर, पाच दिवस, अकरा माणसं. माणशी रोज 55 लिटरसुद्धा येत नाही. शहरासाठी सरकारी हिशेब माणशी 135 लिटरचा आहे म्हणे!

म्हणून दिवाळीतच तीन एरेटर आणले, म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी जाळी. मिनिटाला 3 लिटरवाली. बेसिनचा नळ आधी एक मिनिट बादलीत सोडून मोजला होता: 9 लिटर. जाळी लावल्यावर तीनच्या आतबाहेर. पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार फेसाळ आणि जाड दिसते, हात नीट धुतले जातात. पॅकेटवर लिहिलेलं इतपत खरं निघालं.

बसवताना मात्र फजिती झाली. मोरीतल्या जुन्या पितळी तोटीला आतून-बाहेरून आटेच नाहीत, तिथे काही बसत नाही. वरच्या मजल्यावर वेगळीच गंमत. टाकी बाथरूमच्या डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला जोरच नाही. 10 मीटर उंचीवरून पाणी आलं तर कुठे एक बार दाब मिळतो, आमच्याकडे जेमतेम दीड मीटर. फेस सोडा, नळ नुसता गळायला लागला. ती जाळी दुसऱ्या दिवशी काढली. खालच्या मजल्यावर, बेसिन आणि किचनच्या सिंकला मात्र उत्तम चालते.

खरी परीक्षा गड्ड्यात झाली. सांगोल्याहून आत्या आल्या होत्या. पहिल्याच सकाळी चूळ भरताना मला हाक मारली, "अगं, हा नळ आहे का ठिबक? आमच्या डाळिंबाला याहून जास्त पाणी येतं." सगळे हसले, मीही हसले. पण मनातून बरं वाटलं. दात घासताना नळ धो धो चालू ठेवणाऱ्या पाहुण्याला "बंद करा हो" कसं म्हणणार? त्यातून आत्या म्हणजे सासूबाईंच्या नणंद. जाळीने ते परस्पर केलं. मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हौद खडखडीत झाला होता आणि टँकर मागवावा लागला होता. यंदा पाचव्या दिवशी सकाळी हौदात काठी घालून पाहिली, वीतभर पाणी होतं.

सगळं श्रेय जाळीला देणार नाही. जिथे भांडंच भरायचं आहे तिथे तिचा उपयोग शून्य. बादली 15 लिटरची ती 15 लिटरच घेणार, वर वेळ तिप्पट. आंघोळीला मोठ्या बादल्या उचलून लहान ठेवल्या, त्याने जास्त वाचलं असेल. दीर यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजाच्या उंच काठीबरोबर चालतात. त्यांची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, रोज तीन पाण्यातून काढावी लागायची, तिथे जाळी काय करणार? तिसरं पाणी टिपाडात साठवून संडासात वापरलं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणीही तिथेच. अकरा माणसांच्या पिण्यामागे ते किती निघतं, ते साठवल्यावरच कळलं.

आता तक्रार. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये जाईल, म्हणजे वापरायचा साठा संपेल, या धास्तीने आम्ही बोअरचं पाणी मिसळतो, आणि ते क्षाराचं. एप्रिलपासून दर तीन आठवड्यांनी जाळी बुजते, धार तिरकी उडते, ब्लाउजची बाही भिजते. हाताने फिरवून काढायची, रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकायची, सकाळी जुन्या ब्रशने घासायची. पहिल्यांदा मी पक्कड लावली, तर चकचकीत कडेवर ओरखडे उठले. आतलं रबरी वायसर एकदा सिंकच्या जाळीतून गेलं ते गेलंच. दुकानात सुटं मिळेना, अख्खा एरेटर घ्यावा लागला.

घेणार असाल तर आधी नळाचं तोंड काढून सोबत न्या, नुसतं "बेसिनचा नळ" म्हणून मागितलं तर मापाचं मिळत नाही. आणि टाकीपासून नळ निदान एक मजला खाली हवा. आत्यांनी जाताना एक मागितला होता. त्यांच्या अंगणातल्या नळालाही आटे नाहीत, तो पिशवीतच राहिलाय.