केराटोकोनससाठी एपिथेलियम मॅपिंग: जळगावात काही महिने वापरल्यानंतर

जळगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एपिथेलियमचा, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) सर्वांत वरच्या थराचा, जाडीचा नकाशा काढणारं ओसीटी मशीन आहे; ते प्रकाशाच्या मदतीने थरांचे छेद टिपतं. धुळे-नंदुरबारकडचे सहकारी "घ्यावं का?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, वर धूळ आणि कोरडी हवा. चोपडा, यावल, पारोळ्याहून डोळ्यांची ॲलर्जी झालेली पोरं येतात आणि आया सांगतात, "दादा, याना डोया भलता खाजतस." डोळे सतत चोळणाऱ्यांत केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) जास्त दिसतो आणि लहान वयात तो भरभर वाढतो. त्यामुळे सुरुवातीलाच हेरला तर फार फरक पडतो.

पण सुरुवातीला एपिथेलियमच त्याला झाकून ठेवतं. निरोगी डोळ्यात हा थर ५० मायक्रॉनच्या आसपास, बऱ्यापैकी एकसारखा असतो. खालचा स्ट्रोमा, म्हणजे कॉर्नियाचा मुख्य जाड थर, पुढे यायला लागला की उंचवट्यावर एपिथेलियम पातळ होतं आणि भोवती जाड, मेदूवड्यासारखं कडं तयार होतं. त्यामुळे पुढचा पृष्ठभाग आहे त्यापेक्षा नीट दिसतो आणि टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या चढउताराच्या नकाशात, फारसं काही सापडत नाही. डॅन राइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उच्च वारंवारतेच्या अल्ट्रासाउंडने हा नमुना मांडला, तेव्हा डोळ्यासमोर द्रव ठेवावा लागे. ओसीटी डोळ्याला हात न लावता काही सेकंदांत तेच दाखवतं.

मला मशीन पटलं ते दोन पेशंटमुळे. दोघांच्या टोपोग्राफीत खालचा भाग जरासा उभट (जास्त वक्र), नुसती ती बघून दोघांत फरक करता आला नसता. एक यावलची शाळकरी मुलगी, सिलिंडरचा नंबर वाढत चाललेला. तिच्या नकाशात त्याच जागी एपिथेलियम ४२ मायक्रॉन, भोवती ५७-५८, आणि कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचा उंचवटाही तिथेच. दुसरा धुळ्याचा कॉलेजातला मुलगा, दिवसभर सॉफ्ट लेन्स घालणारा. त्याचं एपिथेलियम उभट जागी उलट जाड निघालं. लेन्स बंद करायला लावल्या, काही आठवड्यांनी टोपोग्राफी सरळ झाली. उभट जागी पातळ असेल तर संशय पक्का करा, जाड असेल तर लेन्सचा किंवा एपिथेलियमचाच दोष आधी तपासा.

आता खटकलेल्या गोष्टी. मशीन अश्रूंचा थरही एपिथेलियममध्येच मोजतं. एप्रिल-मे मध्ये कोरड्या डोळ्यांचे नकाशे ठिपक्याठिपक्यांचे येतात, ते बघून कोणाला घाबरवू नका. कोणताही थेंब टाकायच्या आणि डोळ्याचं प्रेशर बघायच्या आधी स्कॅन काढा. पापणी पुरेशी वर उचलली नाही तर वरचा भाग गायब होतो, आणि खाजणाऱ्या पोराची पापणी उचलणं म्हणजे चिकाटीचं काम. कॉर्नियावर डाग असेल तर सॉफ्टवेअर थराची रेघ भलतीकडेच ओढतं. रंगांवर विसंबू नका, कॉर्नियाच्या छेदाचं चित्र उघडून रेघ बघा, मगच आकडा मान्य करा.

क्रॉसलिंकिंगच्या, म्हणजे केराटोकोनस वाढू नये म्हणून कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराच्या, आधी हा नकाशा मला सर्वांत मोलाचा वाटतो. नेहमीच्या पद्धतीत एपिथेलियम काढतात आणि उरलेली जाडी ४०० मायक्रॉन तरी हवी असते. एकूण ४४० असेल आणि सरधोपट ५० वजा केले तर ३९० उरतात, मुलगा नापास. पण त्या जागी एपिथेलियम ३७ च असेल तर ४०३ उरतात. अंतिम निर्णय सर्जनच घेतात आणि त्या दिवशी जाडी पुन्हा मोजतातच, पण घरच्यांशी बोलायला हातात खरा आकडा असतो.

ज्यांच्याकडे पेंटाकॅम (कॉर्निया मोजणारं दुसरं मशीन) आहे त्यांनी तो काढून टाकू नये. तो मागचा पृष्ठभाग आणि एकूण जाडी दाखवतो, एपिथेलियम वेगळं दाखवत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. घेताना एसी खोली, चांगला यूपीएस आणि वार्षिक सर्व्हिसचा करार किमतीत धरूनच बोला, कारण आमच्याकडे इंजिनिअर बाहेरगावाहून येतो आणि तोवर पेशंट ताटकळतात.