ऑक्टोबरअखेरीस आयर्लंड की मेक्सिको?

अमेरिकेतल्या भाचीला यंदा एकच दौरा जमणार आहे: आयर्लंडचा हॅलोविन की मेक्सिकोचा मृतांचा दिवस?

मूळ पाहा. हॅलोविनची मुळं साउइन या केल्टिक सणात सापडतात. सुगी संपून हिवाळा लागतो त्या 31 ऑक्टोबरच्या रात्री भुतंखेतं मोकळी सुटतात, म्हणून सोंगं घ्यायची. दिवा पूर्वी कोरायचे तो सलगमात, भोपळा अमेरिकेतला. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांना हाकलत नाहीत, घरी बोलावतात. पहिला दिवस गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात त्यांच्यासाठी केलेल्या मांडणीवर फोटो, पाण्याचा पेला, मीठ, कोपालचा धूप, गेलेल्याच्या आवडीचं जेवण आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आपल्या दसऱ्याचा झेंडू मुळात तिथलाच! मला हे फार जवळचं वाटतं.

खाण्यात आयर्लंडचा बार्मब्रॅक हा मनुकांचा पाव. त्यात अंगठी सापडली तर लग्न ठरलं म्हणतात. मेक्सिकोत पान दे मुएर्तो, वर हाडांच्या आकाराची नक्षी.

खर्च? अमेरिकेतून मेक्सिको जवळ, पण या सणासाठी गाजलेल्या ओआहाका शहरात त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात. आयर्लंडला थंडी-पाऊस धरून चाला. मोठा उत्सव उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात होतो. ते ब्रिटनच्या हद्दीत, तेव्हा व्हिसाचे नियम आधी बघा.

लहान मुलं सोबत असतील, सोंगं आणि मिरवणूक हवी असेल तर डेरी. आईवडील गमावलेल्या माणसाला मी मेक्सिकोच सांगेन. फक्त स्मशानात कॅमेरा काढण्यापूर्वी घरच्यांना विचारावं.