गंगापूर रोडचं घरगुती डार्क चॉकलेट: चवीला पाच तारे, डिलिव्हरीला दोन

‘होममेड’ म्हणून आपल्याकडे जे चॉकलेट खपतं, त्यातलं बरंचसं कंपाउंड चॉकलेटची लादी वितळवून साच्यात ओतलेलं असतं. त्यात कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी, दुसरंच वनस्पती तेल असतं, म्हणून ते टाळूला मेणासारखं चिकटतं. नाशिकला गंगापूर रोडवर एक ताई घरीच करतात ते तसलं नाही. पाकीट उलटं करून घटक वाचले: कोको मास (कोकोच्या बियांचा वाटलेला लगदा), कोको बटर, साखर. बास. वडी मोडली की खट्कन आवाज येतो, वर छान चकाकी असते, आणि जिभेवर ठेवल्यावर चावावं लागत नाही.

मी अंबडला औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार. कोको बटर एकच, पण गोठताना त्याचे स्फटिक सहा वेगवेगळ्या रूपांत बनू शकतात. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. ग्रीकमध्ये पॉलिस म्हणजे पुष्कळ, मॉर्फे म्हणजे रूप. (स्वप्नांचा देव मॉर्फियस याच मॉर्फेतला, आणि त्याच्या नावावरून मॉर्फिन.) मराठीत बहुरूपता. शाळेत कार्बनची अपरूपं शिकलो होतो, हिरा आणि ग्राफाइट, ते याचंच मूलद्रव्यांमधलं भावंड. आमच्या धंद्यात हा शब्द निघाला की सगळे सावध होतात. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या, कारण त्याच रेणूचं कमी विरघळणारं दुसरं स्फटिकरूप उत्पादनात अवतरलं.

चॉकलेटला हवं असतं पाचवं रूप. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणून हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. पहिलं रूप १७ च्या आसपासच पाघळतं. पाचवंच रूप मिळावं म्हणून ताई चॉकलेट ४५ च्या वर तापवतात, २७-२८ पर्यंत उतरवतात, मग परत ३१-३२ ला आणतात. हेच टेंपरिंग. अंदाजपंचे नाही, थर्मामीटर लावून. मी मुद्दाम विचारलं.

तक्रार आहे ती डिलिव्हरीची. एप्रिलच्या भर दुपारी सिडकोत मागवलं, तर साध्या खोक्यात आलं, आत बर्फाची पिशवीसुद्धा नाही. पार मऊ झालेलं. रात्री गोठल्यावर वर पांढुरके डाग. सासूबाई म्हणाल्या, “बुरशी आलीय गं, टाकून दे.” बुरशी कसली, वितळून पुन्हा वेडंवाकडं गोठलेलं कोको बटर ते. खाल्लं तर अपाय नाही, पण तो खट्कन आवाज गेला आणि वडी भुसभुशीत झाली. १०० ग्रॅमला २८० रुपये मोजल्यावर हे चालत नाही. फोन केला तर “फ्रिजमध्ये ठेवा ना” एवढंच उत्तर. तेही अर्धवट! उघडं ठेवलं तर बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत थर बसतो. हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढलेला डबा लगेच उघडू नका.

उन्हाळ्यात मागवू नका, सकाळीच स्वतः जाऊन आणा. ७० टक्क्यांची साधी वडी सगळ्यात सरस. बेदाण्याचीही चांगली आहे. मिरचीची मला झेपली नाही, नवऱ्याने मात्र एकट्याने संपवली.