आईच्या साड्यांची गोधडी

३,३०० रुपये गेले, त्याचं फार नाही. आईच्या चार साड्या गेल्या.

भाचीकडची गोड बातमी कळली तेव्हाच ठरवलं होतं, डोहाळजेवणात तिला आजीच्या साड्यांची गोधडी द्यायची. इथे नौपाड्यात गोधडी शिवणारं कोणी माहितीत नाही, म्हणून इन्स्टाग्रामवर शोधलं. एका पेजवर ओसरीत बसलेल्या बायका, मांडीवर वाकळ, सुरकुतलेल्या बोटांत सुई. मी तिथेच विरघळले.

फोनवरची बाई गोड. "ताई, आईच्या साड्या म्हणजे देवाचं काम!" दोन इरकली, दोन विटक्या सुती नऊवारी कुरिअर केल्या. ॲडव्हान्स २,४००, मग 'अस्तराचे' ९००. यूपीआयवर नाव भलत्याच पुरुषाचं दिसत होतं. यजमान असतील, अशी मीच माझी समजूत घातली. काम कुठवर आलं, फोटो पाठवा म्हटलं की "बायका शेतावर गेल्यात". एक व्हिडिओ कॉल मागायचा, तोही संकोचाने मागितला नाही. गरीब बायकांवर संशय कसा घ्यायचा!

पार्सल आलं ते डोहाळजेवणाच्या आदल्या संध्याकाळी. उलटून पाहिलं. हाताचा धावदोरा तुटक असतो, टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका, आणि जरा वाकडातिकडाही. हिच्यावर सलग, सरळ रेघा. चक्क मशीन. कापडाचा एक धागा काढून काडी लावली. सुती धाग्याची राख होते, याची वितळून टणक गोळी झाली. इरकलीचा लाल पदर तेवढा एका कोपऱ्यात, वीतभर.

"बाकीच्या आतल्या थरात आहेत, ताई."

कड उसवली. आत पांढरा फायबर, उशीत भरतात तसला. पुन्हा फोन लावला तर नंबर ब्लॉक.

ते सुरकुतलेले हात नंतर गूगल लेन्सवर टाकले. आणखी तीन पेजवर तेच हात, तीच ओसरी. हे आधी करायला दोन मिनिटं लागली असती.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण पैसे देऊन दोन महिने होऊन गेले होते. पैसे पुढे फिरवले जाण्याआधी रोखता यावेत म्हणून तो नंबर आहे, तेव्हा कळल्या क्षणी लावा. तक्रारीत रक्कम लिहिली. साड्यांची किंमत काय लिहावी ते सुचेना. कोणाला असं काही शिवून घ्यायचंच असेल तर आधी एकच साडी द्या, शक्यतो स्वतः जाऊन, आणि तिचाही पदर कापून घरी ठेवा.

त्या रात्री कड पुन्हा शिवली आणि दुसऱ्या दिवशी तीच गोधडी भाचीच्या अंगावर घातली. अक्काने कोपऱ्यावरून हात फिरवला, "आईची इरकल ना गं ही?" मी हो म्हटलं.

अक्काला अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर तिचा फोन येईलच.